न घडलेल्या समारंभाची बातमी

दहावीच्या मराठीच्या प्रश्नपत्रिकेत उपयोजित लेखनाच्या सदराखाली बातमीलेखनाचा प्रश्न असतो. एखाद्या शाळेतील समारंभाची सूचना किंवा निमंत्रणपत्रिका छापून तिच्यावरून बातमी तयार करावी, असे त्यात विद्यार्थ्यांस सांगितलेले असते. समारंभ झालेला नसतो; शाळाही बहुधा कल्पनेतलीच असते. तरीही विद्यार्थी लिहितो की, कार्यक्रम उत्साहात पार पडला, प्रमुख पाहुण्यांनी मौलिक मार्गदर्शन केले, टाळ्यांचा कडकडाट झाला आणि आभारप्रदर्शनाने समारंभाची सांगता झाली. परीक्षक मथळा, स्थळ, दिनांक आणि शुद्धलेखन पाहून गुण देतो. ज्या प्रसंगी आपण हजर नव्हतो, जो प्रसंग मुळात घडलाच नाही, त्याची बातमी आत्मविश्वासाने कशी लिहावी, याचे शिक्षण महाराष्ट्रातील मुलामुलींस अशा रीतीने वयाच्या पंधराव्या वर्षी मिळते. परीक्षेच्या दालनात बसून खरी बातमी आणता येत नाही, हे आम्ही जाणतो. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांस दोष देण्याचा आमचा हेतू नाही. परंतु जे परीक्षेच्या दालनात अशक्य आहे, ते शाळेच्या फाटकाबाहेर पूर्णपणे शक्य आहे. तेथेही आपण मुलांस तेच शिकवीत आहोत, ही खरी चिंतेची बाब होय.

माध्यमिक शाळांतील मुलांसाठी वार्तालेखनाच्या, हस्तलिखितांच्या, भित्तिपत्रकांच्या आणि अलीकडे चित्रफितींच्या स्पर्धा ठिकठिकाणी भरतात. हेतू स्तुत्य असतो. मुलांनी वर्तमानपत्र वाचावे, भाषा घासूनपुसून वापरावी, चार लोकांत धीटपणे बोलावे, यात वाईट काय आहे? पण या स्पर्धांतील बक्षिसे कोणत्या गुणांस दिली जातात, हे एकदा तपासून पाहावे. अक्षर वळणदार असावे, मुखपृष्ठ रंगीत असावे, संस्थेच्या अध्यक्षांचे शुभेच्छापत्र पहिल्या पानावर असावे, एखादी प्रवासवर्णनपर रचना आणि थोर पुरुषांची दोन-तीन चरित्रे असावीत, म्हणजे ढाल त्या शाळेकडे जाते. अंकातील एखादी गोष्ट खरी आहे की नाही, हे पाहण्यासाठी परीक्षक जागेवरून उठला, असे आमच्या ऐकिवात नाही. आम्ही स्वतः काही वर्षे वर्गात फळ्यासमोर उभे राहिलो आहोत. मुले परीक्षकाचे मन चटकन ओळखतात, हा आमचा अनुभव आहे. ज्यास गुण असतात तेच ती शिकतात. सत्यशोधनास गुण नसतील, तर तो गुण त्यांच्या अंगी यावा कोठून?

कोणी म्हणेल, शाळकरी पोरांच्या हस्तलिखिताचा एवढा बाऊ कशाला? त्यास आमचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यातील डहाणू तालुक्यात गडचिंचले येथे जमावाने दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक यांस ठार केले. त्या भागात चोरांच्या आणि मुले पळविणाऱ्यांच्या टोळ्या फिरत असल्याच्या अफवा त्यापूर्वी काही दिवस पसरत होत्या. तत्पूर्वी १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांचा अशाच अफवेने बळी घेतला होता. या अफवा वर्तमानपत्रांनी छापलेल्या नव्हत्या. त्या एकाच्या हातातील दूरध्वनीवरून दुसऱ्याच्या हातातील दूरध्वनीवर गेल्या. आणि प्रत्येक हाताने त्या पुढे ढकलण्यापूर्वी ‘हे कोणी पाहिले?’ एवढाच प्रश्न विचारला असता, तर आठ माणसे कदाचित आज जिवंत असती. पूर्वी बातमी लिहिणारा एक आणि वाचणारे हजार असत. आज प्रत्येक खिशात छापखाना आहे, आणि तो खिसा अनेकदा आठवीतील मुलाचा असतो. तेव्हा वार्ताहराची शिस्त हा आता केवळ आमच्या व्यवसायाचा प्रश्न राहिलेला नाही. वाहतुकीचे नियम जसे प्रत्येक वाटसरूस ठाऊक असावे लागतात, तशी ही शिस्त प्रत्येक नागरिकास ठाऊक असावी लागेल.

मराठी पत्रकारिता आणि शाळा यांचे नाते मुळातच जवळचे आहे. ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ काढणारे बाळशास्त्री जांभेकर तेव्हा विशीतले तरुण होते आणि पुढे एल्फिन्स्टन संस्थेत अध्यापक म्हणून त्यांनी कीर्ती मिळविली. त्यांच्या पत्राच्या जन्मदिवशीच आपण राज्यात पत्रकार दिन पाळतो. १८८० साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघाले आणि त्याच मास्तरमंडळींनी १८८१ च्या जानेवारीत ‘केसरी’ व ‘मराठा’ ही पत्रे काढली. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक असताना साने गुरुजी वसतिगृहातील मुलांसाठी ‘छात्रालय’ हे दैनिक स्वतःच्या हाताने लिहून काढीत आणि १९२८ साली त्यांनी ‘विद्यार्थी’ हे मासिकही सुरू केले. त्या हस्तलिखितास कोणी ढाल दिली नव्हती. ते रोज सकाळी वाचले जाई, हेच त्याचे पारितोषिक होते.

या परंपरेतील एक धडा मात्र आपण समारंभप्रसंगी सांगावयाचे टाळतो. कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी जे आरोप केले, त्यांस आधार म्हणून पुढे आलेली पत्रे बनावट ठरली. अब्रुनुकसानीच्या त्या खटल्यात १८८२ साली टिळक आणि आगरकर यांस चार महिन्यांची शिक्षा झाली आणि त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. त्यांचा हेतू निर्मळ होता, कोल्हापूरच्या तरुण महाराजांविषयीची त्यांची कळकळ खरी होती आणि लोकांची सहानुभूतीही त्यांच्याच बाजूस होती. तरीही कागद खोटे ते खोटेच राहिले. हेतूची शुद्धता पुराव्याची उणीव भरून काढू शकत नाही. ही गोष्ट थोर पुरुषांच्या चरित्रातून मुलांस सांगावयास आपण का लाजतो, हे आम्हांस कळत नाही. शाळेतील वार्तालेखनाचा पहिला पाठ हाच असावयास हवा.

आता हा पाठ कोठे गिरवावा? आम्ही सातिवलीचे नाव सुचवितो आणि त्यास कारण आहे. वसईच्या पश्चिम भागास लिहिण्यावाचण्याची जुनी सवय आहे. ‘सुवार्ता’ मासिकाने तेथे लेखकांच्या पिढ्या घडविल्या. त्याचे अनेक वर्षांचे संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या ९३ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. हिरव्या वसईच्या रक्षणासाठी चळवळ उभी राहिली, तेव्हा तिचे म्हणणे मांडणारी लेखणी त्याच मातीत तयार होती. परंतु रेल्वेमार्ग ओलांडून पूर्वेस आलो की चित्र पालटते. गोखिवरे, सातिवली, वालीव हा सारा पट्टा औद्योगिक गाळ्यांचा. एका अंगास पश्चिम रेल्वे, दुसऱ्या अंगास मुंबई-अहमदाबाद महामार्ग, पलीकडे तुंगारेश्वरचा डोंगर आणि मध्ये देशाच्या कानाकोपऱ्यांतून पोटासाठी आलेली माणसे. २००९ च्या जुलैत वसई-विरार महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या बारा लाखांहून अधिक भरली आणि त्यानंतर ती किती वाढली असेल, हे लोकलच्या दारात उभ्या राहणाऱ्यास विचारावे. एवढ्या मोठ्या वस्तीच्या या भागाची बातमी मुंबईच्या पत्रांत केव्हा येते? गाळ्यास आग लागली की, गुन्हा घडला की, किंवा २०१८ च्या जुलैप्रमाणे नालासोपाऱ्याजवळ रुळांवर पाणी चढून गाड्या थांबल्या आणि मिठागरातील कुटुंबे पाण्याने वेढली गेली की. एरवी या लोकांचे रोजचे जिणे बातमी होण्याच्या लायकीचे ठरत नाही. हा दोष आम्ही वृत्तपत्रांच्या माथी मारतो आणि त्यात आमचाही समावेश करतो.

या पट्ट्यातील माध्यमिक शाळांत जाणारी मुले मात्र तेथेच राहतात. नळास पाणी कोणत्या दिवशी आले आणि किती वेळ आले, हे त्यांस ठाऊक असते. कारण हंडा भरण्यासाठी त्यांपैकीच कोणीतरी उठलेले असते. शाळा सुटण्याच्या वेळी रस्त्यावरून किती मालमोटारी जातात, शाळा आणि घर यांच्यामध्ये किती दिवे बंद आहेत, पहिल्या मोठ्या पावसात पाणी कोठे तुंबते, वर्गातील एखादे मूल दिवाळीच्या सुटीनंतर परत का आले नाही, हे सारे त्यांच्या डोळ्यांसमोर घडते. हे मोजण्यास पैसा लागत नाही. वही, पेन्सिल आणि आठ दिवसांचा नेटाचा उद्योग एवढ्यावर ते काम होते. अशा वीस नोंदी प्रामाणिकपणे गोळा झाल्या, तर महानगरपालिकेच्या अधिकाऱ्यांसही त्यांची दखल घ्यावी लागेल. दिल्लीत २००३ सालापासून रस्त्यावर राहणारी आणि कष्ट करणारी मुले ‘बालकनामा’ नावाचे पत्र चालवीत आली आहेत. ज्या मुलांस घराचा आसरा नाही, त्यांस जे साधले ते आपल्या शाळांतील गणवेश घातलेल्या मुलांस साधणार नाही काय?

म्हणून आमची सूचना अशी आहे. सातिवली, वालीव, गोखिवरे या परिसरातील माध्यमिक शाळांनी एकत्र येऊन वार्तापत्रांची एक स्पर्धा भरवावी. प्रत्येक शाळेने आठवी-नववीच्या पाच-सहा मुलामुलींचे संपादक मंडळ नेमावे आणि वर्षभर दरमहा चार पानांचे पत्र किंवा भित्तिपत्रक काढावे. वर्षातून एकदा घाईने केलेला जाडजूड अंक स्पर्धेत घेऊ नये. प्रत्येक अंकाबरोबर ‘वार्ताहराची वही’ सादर झाली पाहिजे. कोणास भेटलो, केव्हा भेटलो, तो काय म्हणाला, आपण डोळ्यांनी काय पाहिले आणि काय नुसते ऐकले, याची नोंद तीत असावी. परीक्षकांनी प्रत्येक अंकातील एक बातमी चिठ्ठी टाकून निवडावी आणि वही हाती घेऊन त्या जागी स्वतः जावे. शंभरांपैकी पन्नास गुण या पडताळणीस द्यावेत. ज्याच्याविरुद्ध लिहिले त्यास त्याचे म्हणणे विचारले की नाही, यास वीस द्यावेत. भाषेस वीस पुरेत. उरलेले दहा पाठपुराव्यास आणि चूक आढळल्यास ती पुढील अंकात ठळकपणे दुरुस्त करण्यास द्यावेत. चित्रफितींची स्पर्धा असेल, तर कापाकापी न केलेले मूळ चित्रीकरण परीक्षकांच्या स्वाधीन करण्याची अट घालावी. बक्षीस म्हणून आणखी एक ढाल देऊ नये. शाळांच्या कपाटांत त्या पुष्कळ आहेत. विजयी पत्राच्या पुढील वर्षाच्या कागदाचा आणि छपाईचा खर्च द्यावा, म्हणजे ते पत्र जगेल.

या योजनेतील सर्वांत अवघड जागा मुख्याध्यापकांच्या खोलीत आहे. शाळेचे पत्र शाळेच्याच पैशाने निघते, शाळेच्याच नावाने निघते. त्यात स्वच्छतागृहास पाणी नसल्याची बातमी आली तर काय करावयाचे? संस्थेच्या अध्यक्षांस ती रुचणार नाही, हे उघड आहे. जगातही या प्रश्नाचे उत्तर एकमुखाने दिले गेलेले नाही. अमेरिकेत हेझलवूड येथील शाळेच्या मुख्याध्यापकांनी विद्यार्थ्यांच्या पत्रातील दोन पाने काढून टाकली. तेव्हा १९८८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी मुख्याध्यापकांच्या बाजूने कौल दिला. त्याच देशात २०१७ साली कॅन्सस राज्यातील पिट्सबर्गच्या शाळेत विद्यार्थ्यांच्या पत्राने, नव्याने नेमलेल्या मुख्याध्यापिकेने सांगितलेल्या पदव्यांची चौकशी केली. त्या पदव्या देणाऱ्या संस्थेच्या मान्यतेविषयी जे आढळले ते मुलांनी छापले आणि त्या बाईंनी रुजू होण्यापूर्वीच राजीनामा दिला. मुलांच्या हातून जे झाले ते नेमणूक करणाऱ्या प्रौढांच्या हातून व्हावयास हवे होते. विशेष हे की, त्या मुलांस थांबविण्याऐवजी त्यांच्या शिक्षिकेने त्यांस प्रत्येक वाक्याचा आधार विचारला. आमच्या मते शिक्षकाचे काम तेवढेच आणि तेच होय.

मुख्याध्यापकांच्या हाती काहीच असू नये, असे आम्ही म्हणत नाही. मुलांचे हित पाहणे हे त्यांचे कर्तव्य आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ आणि बालकांच्या लैंगिक अत्याचारांपासून संरक्षणाचा २०१२ चा कायदा यांनी, अशा प्रकरणांत सापडलेल्या बालकांची ओळख उघड करण्यास मनाई केली आहे. ती पाळलीच पाहिजे. कोणाची अब्रू विनाकारण जाऊ नये आणि बातमी आणणाऱ्या मुलाच्या जिवास धोका होऊ नये, हेही पाहिले पाहिजे. एखाद्या दांडगेश्वराच्या दारात वही-पेन्सिल घेऊन मुलांस उभे करावे, असे कोणताही शहाणा शिक्षक सुचविणार नाही. या तीन कारणांसाठी मजकूर गाळण्याचा अधिकार मुख्याध्यापकांस असावा. पण गाळल्याचे कारण त्यांनी लेखी द्यावे आणि तो कागद वहीत चिकटवावा. ‘शाळेची बदनामी होईल’ हे चौथे कारण मान्य होऊ नये. शाळेची बदनामी कोरड्या नळामुळे होते, त्याच्या बातमीने होत नाही. जी शाळा आपल्याच मुलांकडून स्वतःविषयी एक कडू पण खरे वाक्य छापून घेईल, तिच्या पत्रास वाचक मिळतील. आणि जी तसे करू देणार नाही, तिची मुले पुढे जन्मभर शुभेच्छापत्रेच लिहीत बसतील.

पालकांचा आक्षेप आम्हांस ऐकू येतो. दहावी तोंडावर असताना मुलांनी गटारे मोजीत हिंडावे काय? आम्ही आठवी-नववी म्हटले आहे ते यासाठीच. शिवाय भेटीची वेळ ठरविणे, प्रश्न नेमका विचारणे, ऐकलेले आणि पाहिलेले वेगळे लिहिणे, टक्केवारी काढणे, चारशे शब्दांत सांगण्याचे ते सांगणे, हा अभ्यास नव्हे तर अभ्यास कशास म्हणावयाचे? दुसरा आक्षेप भाषेचा येईल. या भागातील कितीतरी मुलांच्या घरात मराठी बोलली जात नाही. आम्ही म्हणतो, हीच तर संधी आहे. ज्या मुलाच्या घरी भोजपुरी वा गुजराती बोलतात, ते मूल गाळ्यातील कामगारांशी त्यांच्या बोलीत बोलेल आणि शेजारच्या बाकावरील मुलीच्या मदतीने मराठीत लिहील. व्याख्यानांनी जे मराठीकरण होत नाही, ते कामाच्या गरजेने सहज होऊन जाईल.

आणखी एक गोष्ट या काळात सांगितलीच पाहिजे. कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे आज घराघरांत पोहोचली आहेत. निमंत्रणपत्रिका पुढे टाकली, तर ते यंत्र पापणी लवते न लवते तोच न घडलेल्या समारंभाची निर्दोष बातमी लिहून देते, टाळ्यांच्या कडकडाटासह. तेव्हा केवळ सफाईदार भाषेस बक्षीस देणाऱ्या स्पर्धांत यापुढे नेमके कोणास बक्षीस मिळत आहे, हे परीक्षकांस कळणार नाही. परंतु सातिवलीच्या नळावर पहाटे जाऊन उभे राहणे आणि पाणी किती मिनिटे आले ते घड्याळात पाहणे, हे काम यंत्रास करता येत नाही. तेथे माणूसच जावा लागतो. वार्तालेखनात माणसाचा असा जो भाग उरला आहे, त्याचीच स्पर्धा भरवावी.

या कामास फार मोठी माणसे लागत नाहीत. शिक्षणसंस्थांचे चालक, महानगरपालिका, तालुक्यातील पत्रकार आणि कारखानदार यांनी ठरविले, तर येत्या शालेय वर्षातच आरंभ होईल. कारखानदारांनी कागद द्यावा आणि त्याबद्दल पानावर आपली स्तुती मागू नये. पत्रकारांनी महिन्यातून एक शनिवार मुलांस द्यावा. आमच्यापुरते आम्ही सांगतो की, अशी स्पर्धा उभी राहिली, तर तीत पडताळणीस उतरलेल्या बातमीस या पत्राचे स्तंभ खुले राहतील आणि बातमी आणणाऱ्या मुलाचा श्रेयनिर्देश मुलाच्या व पालकांच्या संमतीने केला जाईल. सुशिक्षित वाचकांकडून आमची अपेक्षा याहून लहान आणि याहून कठीण आहे. आपल्या मुलाने वहीत नोंद करून आणलेली एखादी गोष्ट आपणांस अप्रिय वाटली, तर त्यास गप्प बसवू नका. त्यास विचारा, ‘हे तू पाहिलेस काय?’ आणि त्याने ‘होय’ म्हटले, तर ते छापू द्या.